सावडीनं काढलेली चित्रं

काल दोरीवरची चादर काढायला गेले तर तिच्यावर काळ्या कणांचा सडा. म्हटलं, पेटलं धुराडं. आमच्या वडगाव निंबाळकरला साखर कारखाना सुरू झाल्याची बातमी आधी वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, पेपरात मागाहून. मग दोन-चार दिवसांत मळीचा आंबूस-गोड वास सुटतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून रस्ता अडवायला लागतात, आणि गोठ्यागोठ्यात उसाच्या शेंड्यांचे हिरवे भारे येऊन पडतात. लोक खुशीत असतात. मीही असायचे. गेली काही वर्षं मात्र ती काजळी बघितली की माझी खुशी विरते.

कारण असाच एक हंगाम होता आणि त्या हंगामात मी एका पोरीला लुटलं. लुटलं हाच शब्द. तेहतीस वर्षं झेडपीच्या शाळेत मराठी शिकवलं, पोरांना शब्दांचे अर्थ सांगितले. आता स्वतःपुरता सौम्य शब्द कुठून आणू?

रिटायर झाले आणि डोक्यात पुस्तकाचं खूळ शिरलं. आमच्या उसात एक मुंगशी असते, दरसाल. तोड सुरू झाली की चारी बाजूंनी फड उघडा पडत जातो आणि ती पिल्लांना घेऊन या तुकड्यातून त्या तुकड्यात पळते. तिची गोष्ट मी तिसरीच्या वर्गाला इतक्या वेळा सांगितली होती की पोरं पुढचं वाक्य आधी म्हणायची. म्हटलं, आता छापूया. लहान मुलांचं पुस्तक म्हणजे चित्रं हवीत. आणि चित्रं म्हटल्यावर मला सुजाताच आठवली.

सुजाता इंदापूर तालुक्यातल्या कळंबची. तिशीची, चित्रकलेची पदविका घेतलेली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिनं आमच्या शाळेच्या भिंती रंगवल्या होत्या. जलचक्र, बाराखडी, झालंच तर पटांगणाच्या भिंतीवर एक म्हैस अशी काढली होती की गावातली खरी म्हैस तिच्यापाशी थबकायची. अशीच कामं घेत ती फिरायची. कुणाची पगारी नोकर नाही, काम असेल तर कमाई, नाहीतर घरी. आता त्या हंगामात तिचं काय पणाला लागलं होतं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हांला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला काय नावं ठेवायची ती ठेवता येतील. तिच्या वडिलांनी तिला एका हंगामाची मुदत दिली होती. एवढ्या चार-पाच महिन्यांत चित्रांवर पोट भरून दाखव, नाहीतर ब्रश ठेव आणि बारामतीला कंपनीत लाग. आणि ती त्यांना म्हणाली होती, बाईंचं पुस्तक आहे, तेवढ्यावर भागेल.

मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं, तर कळणार कुठून!

पहिल्या दिवशी आमच्या ओसरीवर बसून तिनं गोष्ट वाचली. दोनदा वाचली. मग वही मिटून म्हणाली, "बाई, चोवीस चित्रं होतील. आणि मुखपृष्ठ. मानधनाचं कसं करायचं?"

मी हसले. खरंच हसले हो. म्हणाले, "अगं, घरचंच काम समज. आपण सावडीनं करू. तुला कधी माझी गरज लागली तर मी आहेच की!"

सावड म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो. पैशाचं नाव काढायचं नाही. मोठी गोड रीत आहे. माझं अर्धं लहानपण सावडीच्या माणसांना चहा नेऊन देण्यात गेलंय. त्यामुळं तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज आणि इतक्या प्रेमानं निघाला की त्यात काही वावगं आहे असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही.

सुजातानं मिटलेली वही माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "बरं, बाई."

तेहतीस वर्षं मी वर्गात "बरं, बाई" ऐकलंय. पोराला काही कळलेलं नसतं, किंवा कळलेलं असतं पण बोलायची भीती वाटते, तेव्हा पोरगं म्हणतं, "बरं, बाई." दुसऱ्याच्या वर्गाबाहेरून जाताना ऐकलं असतं तरी मी ओळखलं असतं. आणि त्या दिवशी माझ्याच ओसरीवर, हातभर अंतरावर, मला ओळखू आलं नाही.

मग ती यायला लागली. पहाटेच्या पहिल्या एसटीनं बारामती, तिथून वडगाव. थंडी अशी की बांधावरचं गवत ओलंचिंब. ती शाल गुंडाळून बांधावर पोतं टाकून बसायची आणि नुसती बघत राहायची. मला वाटायचं, काढत का नाही ही? एकदा तर दुपारपर्यंत कागद कोरा. विचारलं तर म्हणाली, "बाई, सकाळी सातला उसाचं पान निळं दिसतं. आठला हिरवं होतं. मुंगशी कधी पळते, सातला की आठला?"

आता आली का पंचाईत! "मुंगशी पिल्लाला तोंडात धरून पळाली" हे वाक्य मी चुलीवर दूध ठेवून, ते उतू जायच्या आत लिहिलं होतं. तिला त्या वाक्याचं चित्र काढायला चार दिवस लागले. उसाच्या पात्यांनी तिचे हात कापायचे. फडाच्या आत शिरून, गुडघ्यावर बसून, मुंगसाच्या उंचीवरून ऊस कसा दिसतो हे ती बघून आली होती. मी साठी गाठली त्या उसात, मला नव्हतं माहीत की खालून बघितलं तर ऊस घनदाट नसतोच. नुसत्या गल्ल्याच गल्ल्या असतात.

मी तिला चहा द्यायचे. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. कधी लोणी. जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पोरीसारखी आहे गं माझ्या!" मला माझा केवढा अभिमान वाटायचा. आणि त्या मायेच्या जोरावर मी काय काय करून घेतलं! मुंगशीचं शेपूट जरा झुपकेदार कर. पिल्लं तीन नको, चार कर. हे चित्र छान आहे, पण आभाळ बदल. ती "बरं, बाई" म्हणायची आणि नवा कागद घ्यायची. तो कागद पुण्याहून आणावा लागतो, महाग असतो, पाण्यानं फुगत नाही, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मुखपृष्ठ झाल्यावर मी म्हटलं, एवढी निमंत्रणपत्रिका सजवून दे. मग म्हटलं, एवढा बॅनर. "एवढं" हा शब्द मराठीतून काढून टाकायला हवा.

प्रकाशन झालं मार्चात, कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या सुमारास. गावात मंगल कार्यालय घेतलं. जेवायला जिलेबी. पाहुण्यांना फेटे. कार्यक्रमात मी सुजाताला स्टेजवर बोलावलं, "माझी मानसकन्या" म्हणाले, शाल घातली, साडी दिली आणि नारळ-तांदूळ घालून तिची ओटी भरली. बौद्ध घरातल्या पोरीची ओटी भरतोय, तिच्या घरात हे चालतं का, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे डोळे भरून आले. तिनं पदर धरला, मान खाली घातली. मागच्या रांगेत तिचे वडील बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

दोन आठवड्यांनी पुस्तकाच्या दहा प्रती पिशवीत घालून मी कळंबला गेले. काय तो माझा उत्साह! एसटीतल्या शेजारच्या बाईलासुद्धा चित्रं दाखवली. सुजाताच्या घरासमोर लिंबाखाली तात्या, म्हणजे तिचे वडील, खुरप्याला धार लावत बसले होते. माझ्याच वयाचे, तिकडच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली आयुष्य काढलेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सुजाता कुठंय?" मी विचारलं.

"कंपनीत गेलीया. खाऊचे पुडे भरायची कंपनी हाय बारामतीला. पैली पाळी असती. तितंच जळोचीला खोली घेतलीया तिनं."

"कंपनीत? अहो, का? आणि चित्रं?"

तात्यांनी खुरपं खाली ठेवलं. मुदतीचं सगळं त्यांनी तेव्हा सांगितलं. तुमच्या पुस्तकासाठी तिनं दोन शाळांच्या भिंती सोडल्या, हेही सांगितलं. आवाज चढला नाही, एक शब्द वाकडा नाही. मला वाटायला लागलं, हा माणूस ओरडला तर बरं होईल.

मी चाचरत म्हणाले, "तात्या, मी तिला परकं नाही हो मानलं कधी. साडीसुद्धा चांगली..."

"साडी चांगलीच हाय, बाई. भारी हाय." ते म्हणाले. "माज्या आजीलाबी मिळायची. सुगीभर राबली की खळ्यावर बोलवायचे आन् पदरात घालायचे. साडी, पसाभर दाणं, वर भाकरी. तू काय परकी हाईस का, आसंच म्हणायचे. मायेनंच म्हणायचे, खोटं न्हाय बोलत. पर काम किती झालं, त्याचं किती द्यायचं, ही भाषा न्हवती. आमच्या वडलांनी दीक्षा घेतली तवा पैलं काय केलं आसंल, तर पदर पसरायचा बंद केला. तुमी स्टेजवर सुजाताला पदर पसराया लावला, बाई. म्या मागं बसून बगत व्हतो."

ऐन दुपार, लिंबाची पानगळ चाललेली, समोर तो माणूस, आणि माझ्या मांडीवर दहा पुस्तकं. मी आयुष्यभर फळ्यावर समता लिहिली. भाषणं केली, पोरांना निबंध दिले. आणि माझ्या हातून हे झालं, ते रागानं नाही, दुष्टपणानं नाही, मायेनं झालं! याचाच धक्का मला आजतागायत पचलेला नाही. वाईट माणसं वाईट वागतात ते समजतं हो; पण कौतुक करता करता माझा हात त्या जुन्या खळ्यावरच्या हातासारखा वळला कसा?

आणि सावड! सावडीला दोघांची रानं लागतात. तिच्या कोणत्या रानात मी खुरपायला जाणार होते?

घरी आले ती थेट माजघरात जाऊन बसले. आमचे मालक बाहेरून आले. मालक म्हणजे आमचे हे. ऊस पिकवणारा माणूस आणि वजनाच्या बाबतीत भयंकर तिरसट. काट्यावर एक पाटी इकडची तिकडं झाली तर आख्खं गाव गोळा करतील. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे गं. ते म्हणाले, "आपुन वजन न करता कारखान्याला कधी ऊस घातलाय का? मग पोरीची चित्रं बिनवजनाची घेतलीस कशी?"

"तेव्हा का नाही बोललात?"

"म्या म्हणलं, तू शिकलेली हाईस, दिलं आसशील काहीतरी."

रागानं मी कागद घेऊन बसले आणि पुस्तकापायी कुणाकुणाला पैसे दिले ते आठवायला लागले. छापखाना, अक्षरजुळणी, बांधणी. मंडपवाला. साउंडवाला, त्यानं तर आगाऊ घेतले होते. आचारी. फेटे बांधणारा, त्याला फेट्यामागं दर होता आणि तो दर मी निमूट मान्य केला होता. दहा मिनिटांत डोक्याला कापड गुंडाळणाऱ्याला दर! जिलेबीवाल्याकडं तर मी मागचा-पुढचा हिशेब करून वर बक्षिसी दिली होती. त्या सगळ्या यादीत एकच माणूस नव्हता, ज्याच्यावाचून ते पुस्तक पुस्तकच झालं नसतं. पुस्तक उघडून तिचं नाव शोधलं. मुखपृष्ठावर नाही. आतल्या पानावर नाही. शेवटी आभारात, मंगल कार्यालयाच्या मालकाच्या खाली आणि चहाची व्यवस्था बघणाऱ्यांच्या वर. अगं बाई गं! हे मी स्वतः लिहिलं होतं, स्वतः तपासलं होतं, वेलांट्या-उकार दोनदा बघितले होते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "सुजाता, तुझे किती होतात?"

"जाऊ द्या, बाई."

"जाऊ कसं देऊ? सांग."

"तुम्हीच ठरवा ना."

मी नाही म्हणाले. जिनं काम केलं तिनं मोल सांगायचं, एवढं एका दिवसात माझ्या टाळक्यात शिरलं होतं. शेवटी तिनं आकडा सांगितला. आकडा ऐकून मला घाम फुटला, हेही कबूल करते. मनात पहिला विचार आला, एवढे? चित्रांचे? मग आठवलं, ती बांधावर किती सकाळी बसली होती, आणि एका फडातल्या माणसाला आम्ही दिवसाचे काय देतो. जुळवून बघितलं, तर पोरीनं कमीच सांगितले होते.

चेक घेऊन जळोचीला गेले. एका खोलीची जागा, दारात रांगोळी नाही पण कुंडीत गवती चहा. ती नुकतीच पाळी करून आली होती. बोटांना चिकटपट्टीच्या कडेनं कापलेलं, डोळ्यांखाली काळं. मी चेक दिला आणि माफी मागितली. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, नाही जमलं. तिनं मला रडू दिलं. मग चेक नीट वाचला, कपाटातून एक छापील पुस्तिका काढली आणि म्हणाली, "बाई, पावती देते."

"अगं, आपल्यात पावती कसली!"

तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त. मी गपकन तोंड मिटलं. तिनं लिहिलं, चोवीस चित्रं, एक मुखपृष्ठ, एक पत्रिका, एक बॅनर. खाली सही. तेवढी सुबक सही मी कुठल्या साहेबाची पाहिलेली नाही.

मी मोठ्या आशेनं विचारलं, "आता सोडशील ना कंपनी?"

"लगेच नाही जमणार, बाई. त्या दोन शाळा दुसऱ्याला गेल्या. पुढच्या कामापर्यंत खोलीचं भाडं आहे." मग पुस्तिका कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "पैसे तेव्हा मिळाले असते तर तात्यांना दाखवता आले असते."

बागायती गावातली बाई मी, मला हे वेगळं सांगायला नको होतं. कालव्याचं पाणी पिकाची वेळ टळल्यावर कितीही आलं तरी करपलेलं पीक उठत नाही. उरलेल्या प्रतींसाठी मी तिच्या नावाच्या पट्ट्या छापून आणल्या आणि मुखपृष्ठांवर, माझ्या नावाशेजारी, एकेक करून चिकटवल्या. तेवढ्याच मापाच्या अक्षरांत. डिंकानं बोटं चिकट व्हायची आणि प्रत्येक पट्टीगणिक मला नव्यानं लाज वाटायची. ज्या प्रती आधीच गेल्या होत्या त्या तशाच गेल्या. कुणाच्या तरी घरात आजही ती मुंगशी बिननावाची पळत असेल.

त्यानंतर लिहिणारी नवी माणसं माझ्याकडं सल्ल्याला यायला लागली. बारामती-इंदापूर भागात हल्ली ज्याला त्याला पुस्तक काढायचंय. मी पहिलं विचारते, चित्रकाराचं काय ठरलं? त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "आहे एक ओळखीचा, हौशी आहे, देईल काढून." "तिचंही नाव होईल की, बाई!" एक गृहस्थ म्हणाले, "त्याला संधी देतोय." मी म्हटलं, मंडपवाल्यालाही संधी द्या की, बघा तो येतोय का. ते रागावून गेले, चहासुद्धा अर्धा ठेवून. पण प्रत्येक वेळी मी हादरते ती त्यांच्यामुळं नाही. हीच सगळी वाक्यं माझी होती, याच आवाजातली, इतकीच गोड.

सुजाता वर्षभर पुडे भरत राहिली. मग एक शाळा मिळाली, मग दुसरी. मग तिनं कंपनी सोडल्याचं कळलं, तेही दुसऱ्याकडून. मी आपणहून फोन करायला कचरायचे. दिवाळीला तिचा मेसेज यायचा, मी उत्तर द्यायचे, बस.

आणि आज सकाळी, ती काजळी भरलेली चादर मी पुन्हा पिळत होते, तर तिचा फोन. हात पुसायच्या आधीच उचलला. आवाज एकदम खणखणीत. म्हणाली, "बाई, माझं स्वतःचं पुस्तक येतंय. पुण्याचे प्रकाशक आहेत. चित्रं सगळी माझी, तयार आहेत. कालव्याच्या काठानं चालत जाणाऱ्या एका मुलीची. त्याला मजकूर हवाय, आपल्या भाषेतला. त्यांनी विचारलं कोण लिहील, तर मी तुमचं नाव दिलं. लिहाल?"

माझ्या हातून चादर बादलीत पडली. मी म्हणाले, "लिहीन का म्हणजे काय! अगं, जीव ओतीन."

"किती घ्याल?"

"वेडी का काय तू? तुझ्याकडून काय घ्यायचं!"

मग ती म्हणाली, "तर मग नको, बाई. मी दुसरं कुणीतरी बघते."

"अगं, का?"

"तुम्ही फुकट लिहिलंत तर उद्या प्रकाशक मला विचारतील, बाईंनी फुकट दिलं, तू का घेतेस? आकडा सांगा. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. फोन कानाला लावून मी अंगणात उभी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, तुमच्या लिहिण्याचे किती? पगार सरकारनं ठरवला, पेन्शन सरकारनं. उसाचा भाव मालकांनी भांडून घेतला. माझ्या एका पानाचं मोल काय, हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मला स्वतःलाही नाही. माझंच मला नवल वाटलं, की तेव्हा ओसरीवर मानधनाचं विचारायला त्या पोरीनं केवढी छाती केली असेल. शेवटी कसाबसा, शेजारणीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात, मी एक आकडा बोलले.

"कमी सांगितलात, बाई," सुजाता म्हणाली. "परत सांगा."